दधीचींचा होकार

दधीची ऋषींची कथा तुम्हाला ठाऊक आहे. वृत्रासुर मातला, देवांची शस्त्रं त्याच्यापुढे चालेनात. इंद्र ऋषींच्या दारी आला, आणि मागितलं काय? तर हाडं! ऋषींनी होकार दिला, योगबळाने देह ठेवला, आणि त्या अस्थींचं वज्र झालं.

कथा ऐकून आपण हात जोडतो. पण त्यातली एक गोष्ट निसटते. इंद्र मागायला आला तेव्हा दधीची जिवंत होते. 'हो' ते स्वतः म्हणाले. तुमच्या देहाचं मागणं येईल तेव्हा तुम्ही बोलण्याच्या पलीकडे असाल. मग विचारतील कोणाला? दवाखान्यात बाकड्यावर बसलेल्या तुमच्या मुलाला. डोळ्यांना धार लागलेली, आणि समोरून प्रश्न येतो, "वडिलांची इच्छा काय होती?" त्या लेकराने काय सांगावं, माऊली? घरात कधी विषयच निघाला नसेल, तर ते 'नको' म्हणणार. त्याचा काय दोष?

कोणी म्हणेल, महाराज, आम्ही मृत्युपत्रात लिहून ठेवलंय. छान केलंत. पण मृत्युपत्र बाहेर कधी निघतं? तेरावं झाल्यावर, शेताच्या वाटणीला! नेत्रदान मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत व्हावं लागतं. हृदय, यकृत, मूत्रपिंडं यांचं दान बहुधा मेंदू मृत झाल्यावर, श्वास यंत्रावर चालू असतानाच होतं. चार डॉक्टर तपासतात, किमान सहा तासांनी पुन्हा तपासतात, मगच मेंदूमृत्यू ठरतो. वाटणी वर्षभर थांबेल; हृदय थांबायचं नाही.

म्हणून कागद वेगळा करा. 1994 च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याखाली प्रतिज्ञेचा अर्ज आहे, त्याला नमुना 7 म्हणतात. वय 18 पूर्ण हवं. काय काय द्यायचं ते लिहायचं, सही करायची, दोन साक्षीदार घ्यायचे. त्यांतला एक जवळचा नातेवाईक. 'नोट्टो' या राष्ट्रीय संस्थेकडे आधार क्रमांकावरूनही नोंदणी होते. मन बदललं तर प्रतिज्ञा मागे घेता येते. पण ध्यानात ठेवा, कागद असला तरी घरच्यांना विचारतातच. तुमचा होकार त्यांच्या तोंडून निघायचा आहे. तेव्हा कागद कुलपात नको, घरच्यांच्या माहितीत हवा.

घरी देह ठेवला तरी नेत्रदान होतं. लगेच नेत्रपेढीला फोन करावा, पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवावा, डोक्याखाली उशी द्यावी, पंखा बंद करावा. चष्मा होता, मोतीबिंदू काढला होता, तरी चालतं.

"देह विद्रूप होईल का हो?" नाही. टाके घालून, नीट करून देह परत देतात. अंत्यविधी रीतीप्रमाणे होतात. "पुढच्या जन्मी आंधळे झालो तर?" अहो, चितेवर डोळे जळतातच की! जळालेले परत मिळतात आणि दिलेले मिळत नाहीत, असा हिशेब माझा पांडुरंग ठेवील का?

वारीहून घरी जाल. प्रसाद वाटायला सगळी बसतील, लेक-सुना, नातवंडं. चुरमुऱ्याची मूठ हातावर ठेवता ठेवता सांगून टाका, "मी गेल्यावर माझ्याकडचं द्यायजोगं देऊन टाका. कोणी विचारलं तर 'हो' म्हणा." मग कागद दाखवा. साक्षीदाराची सही तिथेच होईल.

बोला, पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!