क्रीडांगण कोणासाठी?

परभणीहून रात्रीच्या गाडीने मुंबईस जाऊन क्रिकेटचे सामने पाहणे हा माझा जुना नाद. चर्चगेट स्थानकाच्या दोन अंगांस, पायी जाण्याच्या अंतरावर, ब्रेबोर्न आणि वानखेडे अशी दोन प्रेक्षागारे आहेत. पैकी ब्रेबोर्न १९३७ साली, समुद्र हटवून मिळविलेल्या भूमीवर उभे राहिले. बसावयास तेच मला अधिक सुखाचे वाटते.

मग दुसरे कशास? ब्रेबोर्न पडले क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचे. तेथील सामन्यांत बॉम्बे क्रिकेट असोसिएशनला किती आसने मिळावीत, यावरून तंटा विकोपास गेला. तेव्हा असोसिएशनचे अध्यक्ष शेषराव वानखेडे यांनी सुमारे वर्षभरात नवे मैदान उठविले. जानेवारी १९७५ मध्ये तेथील पहिल्याच कसोटीत क्लाइव्ह लॉइडने नाबाद २४२ धावा काढल्या! मानी माणसांचे भांडण क्वचितच इतके फळास येते.

तथापि तो सारा खर्च खुर्च्यांच्या वाटणीपायी झाला. उद्या आमच्या जिल्ह्यात कोणी प्रेक्षागारासाठी सरकारी पैसा मागितला, तर मी इतकेच विचारीन : सामना नसेल त्या दिवशी फाटक मुलांस उघडे राहील काय? गंगाखेड, जिंतूर, पाथरी येथील मुलांस आधी सपाट जमीन, पिण्याचे पाणी आणि कडुनिंबाची सावली द्यावी. सज्जांचे नकाशे मागाहून काढता येतील.