शाळा आणि स्वयंपाक



स्वयंपाकाचा विषय निघाला की, तो मुलींचा, घरचा आणि आईने शिकवावयाचा, असे म्हणून पुष्कळ शिक्षक तो बाजूस सारतात. वाशीम जिल्ह्यातील परिस्थिती मात्र या समजुतीस अनुकूल नाही. सोयाबीनच्या सोंगणीत आई सकाळीच शेतावर जाते. दहावीनंतर मुलगा वाशीम, अकोला किंवा अमरावती येथे खोली घेऊन राहतो. घरी ज्वारी व तूर असताना तो तेथे पाव-चिवड्यावर दिवस काढतो. कारण त्यास साधे वरण शिजविता येत नाही. परीक्षेत उत्तम गुण मिळविणारा विद्यार्थी भुकेच्या बाबतीत असा परावलंबी राहावा, याचा विचार त्याच्या पहिल्या शाळेनेच करावयास हवा.

हा विचार विदर्भास नवा नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली व डॉ. झाकीर हुसेन समिती नेमली गेली. त्या समितीने गृहविज्ञान मुलींसाठी सुचविले होते. पुढे सेवाग्रामच्या नई तालीम शाळेत, आर्यनायकम् दांपत्याच्या देखरेखीखाली, स्वयंपाकघर मुलगे व मुली या दोघांचेही झाले. मुले पाळीपाळीने स्वयंपाकाचे काम करीत आणि त्याचा हिशेबही ठेवीत. कागदावरील योजनेच्या पुढे प्रत्यक्ष शाळा गेली, असे क्वचितच घडते.

या कामात ज्ञान ते काय, असे कोणी विचारील. ज्वारीची भाकरच घ्यावी. गव्हाची कणीक थंड पाण्यात मळली तरी चालते. ज्वारीच्या पिठास आधणाचे पाणी लागते. गव्हात पीठ बांधून धरणारा चिकट घटक असतो, तो ज्वारीत नाही. ऊन पाण्याने ज्वारीतील पिष्ट फुगते व तेच पीठ धरून ठेवते. पीठ जुने होऊन विरी गेली की भाकर थापताना चिरते. हे आजीस हाताने ठाऊक असते. त्याचे कारण सांगणे हे शिक्षकाचे काम.

दुसरे उदाहरण सोयाबीनचे. जिल्ह्यात ते शिवारोशिवारी पिकते आणि बहुतेक सारे बाजारात जाते. तुरीच्या डाळीत प्रथिने शेकडा सुमारे २२, तर सोयाबीनमध्ये सुमारे ४० असतात. परंतु कच्च्या सोयाबीनमधील एक घटक प्रथिनांचे पचन रोखतो. दाणे भिजवून पुरते शिजविले म्हणजे त्याचा जोर नाहीसा होतो. येथे शिजविणे हे केवळ चवीसाठी नसते, हे मुलांना आपोआप कळते.

गणितासाठी तर शाळेतील पोषण आहार समोरच आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी ही योजना देशात सुरू झाली. सर्वोच्च न्यायालयाच्या २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने कोरड्या धान्याऐवजी शिजविलेले अन्न देणे बंधनकारक झाले. पाचवीपर्यंतच्या मुलास दररोज १०० ग्रॅम धान्य व २० ग्रॅम डाळ, असे प्रमाण आहे. ४३ मुले हजर असल्यास धान्य ४ किलो ३०० ग्रॅम व डाळ ८६० ग्रॅम लागेल. पुस्तकातील काल्पनिक व्यापाऱ्याच्या नफ्यापेक्षा हे उदाहरण मुले अधिक आवडीने सोडवितात.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळावयाची. रोजचा आहार शिजविणे, भांडी घासणे ही कामे मुलांकडून करून घेणे म्हणजे शिक्षण नव्हे. ती वेठ होय. पाठ आठवड्यातून एकदाच, थोड्याशा धान्याचा आणि शिक्षकाच्या समोर व्हावा.

“पोराला चूल फुंकायला शाळेत धाडलं काय?” असा प्रश्न एखादा पालक करील. त्यास वाद घालून समजाविण्यापेक्षा मुलाने थापलेली भाकर दाखवावी. प्रारंभी विस्तवाची गरजच नाही. तिसरी-चौथीत धान्य निवडणे, मापणे, हात व भाजी धुणे, मोड आणणे एवढे पुरे. सहावी-सातवीत वरण, भात, भाकर घ्यावी. भाकर थापण्याच्या तासाला शाळेतील स्वयंपाकी बाईंना परातीपाशी बसवावे. त्या हात दाखवितील, आणि शिक्षकाने पीठ का चिरले ते फळ्यावर लिहावे.