बावीस जणींची यादी

मुलींच्या कबड्डी संघात कुणाला घेतलं आणि कुणाला वगळलं, यावरून दोन वाड्यांत किती बोलणी झाली, ते तुमच्या कानावर आलंच असेल. आमच्या गटात तोच विषय निघाला तेव्हा एकीने विचारलं, "मोठ्या, देशादेशांच्या स्पर्धांना तरी संघ नीट निवडतात का गं?" उत्तर शोधायला बसलो आणि पोहोचलो आपल्यापैकी कुणीच न खेळलेल्या खेळापाशी. आइस हॉकी. आपल्याकडे बर्फ म्हणजे रसवंतीवरचा, नाहीतर जत्रेतल्या गोळ्याचा.

खेळ असा. बर्फाचं गुळगुळीत मैदान, बुटांच्या तळाला पोलादी पाती, हातात काठी आणि चेंडूऐवजी रबराची कडक चकती. एका वेळी सहा जणी मैदानात, त्यातली एक गोलरक्षक. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग. पण दमछाक इतकी, की मिनिटाच्या आतच एक तुकडी बाहेर येते आणि दुसरी आत शिरते. म्हणून सामन्याला २२ जणींची यादी लागते, २० खेळाडू आणि २ गोलरक्षक. एकेका तुकडीतल्या मुली महिनोन्‌महिने एकत्र सराव करतात. लग्नघरात एक भाकरी थापते आणि दुसरी तव्यावर शेकते, तेव्हा त्यांना एकमेकींशी बोलावं लागतं का? तसंच हे.

यादी करायची ती प्रशिक्षकाने. शिबिरं घ्यायची, मुलींचे सामने बघायचे आणि निवडायचं. पहिली अट, खेळाडू त्या देशाची नागरिक हवी. रीत अशी आहे. आता २०१८ मध्ये काय झालं ते ऐका.

त्या वर्षी हिवाळी ऑलिंपिक दक्षिण कोरियात, प्योंगचांगला होतं. यजमान म्हणून त्यांच्या मुलींच्या संघाला थेट प्रवेश मिळाला. पण तिथे हा खेळ खेळणाऱ्या मुली मोजक्याच. म्हणून सारा मरे या प्रशिक्षक बाईंनी अमेरिका-कॅनडात वाढलेल्या कोरियन वंशाच्या मुलीही घेतल्या. रँडी ग्रिफिनची आई कोरियन. पार्क यून-जंगला तान्ही असताना अमेरिकेतल्या जोडप्याने दत्तक घेतलं होतं, तिकडे ती मरिसा ब्रँट म्हणून वाढली. तिची बहीण हॅना त्याच ऑलिंपिकमध्ये अमेरिकेकडून खेळली. एका घरातल्या दोघी, दोन देशांच्या. हान सू-जिन पियानो वाजवायला शिकलेली. अशा मुली वर्षानुवर्षं मेहनत करून २३ जणींचा संघ म्हणून उभ्या राहिल्या.

आणि स्पर्धा तीन आठवड्यांवर आली असताना वरून निरोप आला. कोरियाचे उत्तर आणि दक्षिण असे दोन देश आहेत. १९५० ते १९५३ त्यांच्यात युद्ध झालं, ते थांबलं, पण तहावर आजही सही नाही. कित्येक कुटुंबांतली भावंडं सीमेच्या दोन बाजूंना राहिली, ती राहिलीच. २०१८च्या जानेवारीत दोन्ही सरकारं बोलायला बसली आणि ठरलं, की मैत्रीची खूण म्हणून एक संयुक्त संघ उतरवायचा. कुठला? मुलींचा आइस हॉकीचा. २० जानेवारीला ऑलिंपिक समितीने मान्यता दिली. उत्तरेच्या १२ मुली वाढल्या, संघ झाला ३५ जणींचा. पण सामन्याची यादी २२चीच राहिली आणि त्यात उत्तरेच्या निदान तिघी हव्यातच, अशी अट. म्हणजे दर सामन्याला दक्षिणेच्या किमान तिघी मुली आपली जागा सोडून बाहेर बसणार. त्यांना विचारलं कुणी? कुणीच नाही.

पुरुषांचाही संघ त्याच ऑलिंपिकमध्ये होता. त्याला कुणी हात लावला नाही. दक्षिणेचे पंतप्रधान म्हणाले, की मुलींचा संघ काही पदकाच्या शर्यतीत नाही. नंतर त्यांना माफी मागावी लागली. तरुण पोरापोरींनी तर सरकारकडे विरोधाचे अर्ज केले. आम्हाला विचाराल, तर शांततेच्या विरोधात कोण असेल? पण शांततेचा खर्च कुणाच्या नावावर टाकायचा हे ठरवताना मुलींचीच वही उघडली, हे खटकतंच. आमच्या गटाने एकदा प्रदर्शनातल्या स्टॉलसाठी तिघींची नावं ठरवली होती. दोन महिने त्यांनी पापड लाटले. आदल्या संध्याकाळी फोन आला, की यातली दोन नावं बदला. कुणाचा फोन, ते राहू द्या. पण वगळलेल्या दोघींपैकी एक आजही प्रदर्शनाचं नाव काढलं की उठून पाणी प्यायला जाते.

२५ जानेवारीला उत्तरेच्या मुली आल्या. पहिली अडचण बोलण्याची. भाषा एकच, कोरियन. पण दक्षिणेच्या मुली खेळातले शब्द इंग्रजी वापरतात, 'पास' म्हणजे 'पास'च. उत्तरेत त्यासाठी अस्सल कोरियन शब्द. वेगात खेळताना हाकच समजली नाही तर चकती गेली. मग शब्दांच्या याद्या काढून सगळ्यांना वाटल्या. राहायची सोय वेगळी, बसही वेगळ्या. पण कपडे बदलायच्या खोलीत मरेबाईंनी कपाटं मिसळून लावली, उत्तरेची एक, शेजारी दक्षिणेची. उत्तरेच्या एका मुलीचा वाढदिवस आला तर केक आणून सगळ्यांनी गाणं म्हटलं. बाईंना आधी हा निर्णय मुळीच पटला नव्हता. पण एक गोष्ट त्यांनी सोडली नाही. तिघींची अट मान्य, मात्र कोणत्या तिघी ते मी ठरवणार, वरून कुणी सांगायचं नाही.

सामने पाच झाले, पाचही हरल्या. स्वित्झर्लंडकडून ८-०, स्वीडनकडूनही ८-०. त्यानंतर १४ फेब्रुवारीला जपानशी गाठ. त्यात ग्रिफिनने गोल केला आणि सगळं मैदान उसळलं. तो गोल संयुक्त संघाचा पहिला आणि कोरियन मुलींचा ऑलिंपिकमधलाही पहिलाच. चकती तिच्याकडे कुणी ढकलली होती? त्या दत्तक गेलेल्या पार्कने. पाच सामन्यांत मिळून गोल दोनच. दुसरा स्वीडनविरुद्धच्या शेवटच्या सामन्यात, पियानोवाल्या हान सू-जिनचा.

२६ फेब्रुवारीला उत्तरेच्या मुली परत निघाल्या. फोन करता येणार नाही, पत्र टाकता येणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ज्यांच्या येण्याने आपल्या जागा गेल्या, त्यांनाच मिठ्या मारून दक्षिणेच्या मुली रडत होत्या. मरेबाईही रडल्या. बस सुरू झाली तरी खिडकीतून धरलेले हात कुणी सोडेना.

हे सगळं आम्ही गटात वाचून दाखवलं, तेव्हा आमच्या एक काकू बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आणि त्या दर सामन्याला बाहेर बसलेल्या पोरी? त्यांचं कुणी काही लिहिलंय का?" आम्ही पुन्हा शोधायला बसलो आहोत.