स्वागताध्यक्षांचे भाषण : ग्रंथाची अंगे आणि संगणक



आद्य मुद्रित ग्रंथांच्या संगणकीय अभ्यासासाठी ही परिषद भरली आहे.

मुखपृष्ठ, अर्पणपत्रिका, शुद्धिपत्र, सूची, प्रकरणारंभीची वेलबुट्टी, फार काय, झिजलेल्या खिळ्याचा ठसा, ही ग्रंथाची अंगे संहितेच्या अभ्यासकास गौण वाटत असली, तरी मुद्रकाने जाणूनबुजून दडवलेली हकीकत पुष्कळदा तीच उघड करतात. परवान्यावाचून काही छापू नये, या पार्लमेंटच्या हुकुमास विरोध करणारी मिल्टनची ‘अ‍ॅरिओपॅजिटिका’ 1644 साली निघाली ती मुद्रकाच्या नावावाचून. आणि जे नाव पावणेचारशे वर्षे कोणास उमगले नाही, त्याचा माग त्या दशकातील 100 पुस्तिकांतले मोडके खिळे ताडून पाहिल्यावर 2020 साली लागला व मॅथ्यू सिमन्स आणि टॉमस पेन हे लंडनचे मुद्रक पुढे आले. पानोपानीची अक्षरे वेगळी काढून सारख्या व्यंगाची अक्षरे शेजारी मांडणे, ही चाकरी संगणकाने करावी. खिळा तोच की दुसरा, याचा निवाडा मात्र अभ्यासकानेच द्यावा.

या कामी संगणक येण्याच्या कितीतरी आधी चार्लटन हिनमन यांनी आरसे व दिवे यांच्या यंत्राने शेक्सपिअरच्या 1623च्या फोलिओच्या प्रती फोल्जर ग्रंथालयात पानाशी पान ताडून पाहिल्या, तेव्हा छपाई चालू असतानाच दुरुस्त्या होत गेल्यामुळे एकाच आवृत्तीच्या प्रतीही परस्परांहून भिन्न आहेत, हे तपशीलवार सिद्ध झाले. म्हणून एक प्रत दुसरीची जागा घेऊ शकत नाही. आणि प्रतच उरली नाही तर? फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ 1616 साली गोव्यात रायतूर येथे व पुढे त्याच शतकात आणखी दोनदा छापले गेले. परंतु त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नसल्याने तेथे कोणतेही यंत्र हतबल आहे.

यास्तव येथे जमलेल्या ग्रंथपालांस माझी आग्रहाची विनंती आहे, की दुबार म्हणून जुनी प्रत दप्तरातून खारीज करू नये. आणि ग्रंथाच्या प्रतिमा घेताना जिल्द, कोरी पाने व शुद्धिपत्र यांपैकी काहीही वगळू नये.