नंबर आहे, तो मुलांपर्यंत पोहोचवू या

(इंदूर येथे मंडळाच्या सर्वसाधारण सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मोबाईलने मुले बिघडली, ही तक्रार आपल्या प्रत्येक बैठकीत होते. त्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. पण तोच मोबाईल संकटात सापडलेल्या मुलाला मदतीपर्यंत नेऊ शकतो. ती सोय सरकारने केलेली आहे, आपल्याच पैशातून केलेली आहे, आणि आपल्या घरांत ती फारशी कोणाला ठाऊक नाही. आज त्याविषयी बोलायचे आहे.

आधी एक आकडा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. म्हणजे रोज सरासरी ३५ हून अधिक घरे. इंदूर हे आता शिकवणी वर्गांचे शहर आहे. भंवरकुआँच्या परिसरात संध्याकाळी फिरून या. अठरा-वीस वर्षांची मुले गावोगावहून आलेली दिसतील. आपल्यापैकी अनेकांच्या घरी वरच्या मजल्यावर अशी मुले भाड्याने राहतात. आणि आपली स्वतःची मुले पुण्यात, बंगळुरूला, कोट्याला अशीच कुणाच्या तरी वरच्या मजल्यावर राहतात. तेव्हा हा प्रश्न दुसऱ्यांचा म्हणून बाजूला ठेवता येणार नाही.

फोनवरून मदत ही कल्पना नवी नाही. १९९६ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेत जेरू बिलिमोरिया यांनी रस्त्यावरच्या मुलांसाठी १०९८ हा नंबर सुरू केला. दहा, नऊ, आठ. न शिकलेल्या मुलाच्याही लक्षात राहावा असा. त्या काळी मोबाईल कुठला? स्टेशनवरच्या सार्वजनिक फोनवरून पैसे न टाकता मुलगा फोन लावत असे आणि कार्यकर्ता त्याला शोधत जात असे. पुढे हा नंबर देशभर पसरला. २०२३ पासून सरकारने तो आपल्या यंत्रणेत घेऊन ११२ या आपत्कालीन सेवेशी जोडला आहे. अठरा वर्षांखालील कोणत्याही मुलासाठी तो आहे आणि मोठ्यांनीही मुलाच्या वतीने लावला तरी चालतो.

दुसरा नंबर १४४१६. टेली-मानस ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी, जागतिक मानसिक आरोग्य दिनी सुरू झाली. बंगळुरूची निमहान्स संस्था तिच्या मुळाशी आहे. चोवीस तास, फुकट आणि वीस भाषांत. फोन लागला की भाषा निवडायची, मग प्रशिक्षित समुपदेशक बोलतो. गरज वाटली तर तो तज्ज्ञाशी जोडून देतो किंवा जवळच्या सरकारी रुग्णालयाचा रस्ता दाखवतो. २०२५ च्या सुरुवातीपर्यंत या सेवेवर अठरा लाखांवर फोन आले होते. लोक बोलायला तयार आहेत, एवढे तरी त्यावरून दिसते.

तिसरा नंबर १९३०. कर्ज देणाऱ्या बनावट ॲपच्या जाळ्यात, ऑनलाईन जुगारात किंवा फोटोवरून धमकावण्यात फसलेली मुले घरी सांगत नाहीत. बाबा काय म्हणतील, या भीतीने आणखी पैसे भरत राहतात. पैसे गेल्यावर पहिल्या तासांत १९३० वर तक्रार झाली, तर रक्कम पुढे जाण्याआधी अडवता येण्याची शक्यता असते. धमकावण्याची तक्रार सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर करता येते. मुलाने हे आपल्याला सांगावे असे वाटत असेल, तर तो सांगेल त्या दिवशी पहिले वाक्य रागाचे नको.

फोनच का? मुलाला समोर बसून बोलायची लाज वाटते. दवाखान्यात गेले तर ओळखीचे भेटतात. आपला समाज लहान, राजवाड्यावरची गोष्ट संध्याकाळपर्यंत सुदामानगरला पोहोचते. फोनवर चेहरा दिसत नाही. रात्री दोन वाजता कोणता दवाखाना उघडा असतो? आणि १४४१६ ला इंटरनेट लागत नाही, साध्या बटणांच्या फोनवरूनही तो लागतो.

मर्यादाही सांगायला हव्यात. मुलींचे फोन घरात तपासले जातात. तिने मदतीचा नंबर लावला आणि तो यादीत दिसला म्हणून तिचीच उलटतपासणी झाली, तर ती पुन्हा लावणार नाही. दुसरे, फोन हा दरवाजा आहे. आत जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञच नसेल, समुपदेशकाची जागा रिकामी असेल, तर दरवाजा उघडून काय उपयोग? तिसरे, भाषेचे. आपली मुले हिंदी उत्तम बोलतात, पण मन मोकळे करायला काहींना घरचीच भाषा लागते. बेळगावच्या किंवा हैदराबादच्या मराठी मुलाला तर ती अधिकच लागेल. सेवेच्या भाषांत मराठी आहे, हे त्यांना कोणीतरी सांगितले पाहिजे.

पोलिसांची भीती हेही गप्प बसण्याचे मोठे कारण. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या ११५ व्या कलमाने, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे धरले जाते आणि तिला शिक्षा होत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर जुने ३०९ कलम राहिलेलेच नाही. तेव्हा लपवण्याची गरज नाही, उपचारांची आहे. आणि मुलाला "जीव नकोसा वाटतो का?" असे सरळ विचारल्याने तो विचार त्याच्या डोक्यात शिरत नाही. उलट बहुतेकांना कोणीतरी विचारले याचेच बरे वाटते.

आता राजकारणाकडे येतो, कारण हे पत्रक त्यासाठी आहे. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक हवा. टेली-मानससह मदतीचे नंबर वसतिगृहांत, वर्गांत ठळक अक्षरांत लावलेले हवेत. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली देखरेख समिती हवी. कायदा होईपर्यंत ही तत्त्वे बंधनकारक आहेत. म्हणून माझ्या सूचना अशा:

१) मंडळाने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी विचारावे : समिती झाली का, तिच्या बैठका किती झाल्या, किती शिकवणी वर्गांत समुपदेशक आहेत?

२) आपल्या ८५ प्रभागांतल्या नगरसेवकांना, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत, वसतिगृहे व अभ्यासिकांमध्ये फलक लावून घेण्याचे निवेदन द्यावे. मते मागायला ते आपल्या दारी येतात. हा प्रश्न त्यांना तिथेच विचारावा.

३) जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागाची मंजूर पदे आणि भरलेली पदे यांची माहिती माहिती अधिकारात मागवून आपल्या पत्रकात छापावी.

४) गणेशोत्सवाच्या मंडपात, सभागृहाच्या दारात आणि भाडेकरू मुलांच्या जिन्यात १४४१६, १०९८, १९३० आणि ११२ हे चार नंबर लावावेत. याला ठरावाचीही गरज नाही, आज घरी जाऊन करता येईल.

आपल्या पूर्वजांनी या शहरात वाडे बांधले, शाळा काढल्या, वाचनालये चालवली. बाहेरगावच्या मुलांना वार लावून जेवू घातले. आठवड्यातल्या एका दिवशी परक्या मुलाला आपल्या पंगतीत बसवणारी घरे आपली होती. आज त्या मुलाला जेवणाचा डबा मिळतो, पण जेवलास का असे विचारणारे कोणी नसते. ते आपण विचारू शकतो. आणि उत्तर ऐकून काळजी वाटली, तर त्याच्या शेजारी बसून फोन लावून देऊ शकतो.