गुरू म्हणता, तर नेमणूकपत्र द्या



अध्यक्षाने गोड बोलावं असा संकेत आहे. व्यासपीठावर संगीत विद्यालयांचे संचालक बसलेत, तेव्हा तो जास्तच पाळायला हवा. आज पाळणार नाही.

नाशकात बोलतोय, तर विष्णुबुवांपासूनच सुरू करू. १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढणारे पलुस्कर पुढे इथे पंचवटीत, रामनाम आधार आश्रमात राहिले. मुंबईची त्यांची इमारत कर्जापायी लिलावात गेली होती. संचालकहो, तुमच्या प्रत्येकाच्या भिंतीवर त्यांची तसबीर आहे. पण बुवासुद्धा करार लिहून घेत, हे ठाऊक आहे का? त्यांच्या उपदेशक वर्गातला, म्हणजे संगीत शिक्षक घडवणाऱ्या वर्गातला, मुलगा नऊ वर्षं राहण्याचं लिहून द्यायचा. बदल्यात राहणं, जेवण आणि विद्या, तिन्ही फुकट. शिस्त कडक होती, पण घेतलं त्याहून दिलं जास्त.

आणि शिकून बाहेर पडल्यावर? बुवांचे शिष्य देवधर यांनी १९२५ साली मुंबईतच स्वतःची शाळा काढली, बुवा हयात असताना. विनायकबुवा पटवर्धनांनी १९३२ साली पुण्यात विद्यालय उघडलं. आता तुमचे करारनामे बघा. लोकांनी आणून दाखवलेत मला. 'नोकरी सोडल्यावर दोन वर्षं पाच किलोमीटरच्या आत शिकवणार नाही.' गंगापूर रोडवरून पाच किलोमीटर मोजले की नाशिकचा मोठा भाग त्यात आलाच हो! पेटीवाल्याने काय ओझरला जाऊन शिकवायचं?

हे कलम कागदावरच राहणारं आहे. १८७२च्या करार कायद्याचं कलम २७ वाचा. कुणाचा धंदा-व्यवसाय रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. १९८०च्या क्रिशन मुरगई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे असंच दोन वर्षांचं बंधन होतं. नोकरी गेलेल्या माणसाच्या बाजूने निकाल लागला. नोकरीत असताना दुसरीकडे शिकवू नका म्हणा, ते वेगळं. पण मग पूर्ण पगार द्या.

तोच तर देत नाही तुम्ही. कागदावर शिक्षक 'व्हिजिटिंग'. म्हणजे रजा नाही, फंड नाही, मे महिन्यात क्लास बंद तर पैसेही बंद. वेळापत्रक मात्र तुमचं, हजेरीचं मशीन तुमचं, वार्षिक संमेलनात विनामोबदला साथ करायची तीही तुमच्या हुकमाने. बाहेरचा पाहुणा आहे, तर अंगठा कशाला घेता त्याचा?

कायदाही आपल्या शिक्षकांना नमस्कार करून बाजूला होतो. गोव्यातल्या सुंदरांबळ नावाच्या शिक्षिकेच्या खटल्यात १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने शिकवण्याला उदात्त कार्य म्हटलं आणि शिक्षक तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्याखालचा 'कामगार' नाही, असं ठरवलं. ग्रॅच्युइटीसाठीसुद्धा शिक्षकांना २००९च्या दुरुस्तीपर्यंत थांबावं लागलं. ती १९९७पासून लागू केली, एवढं बरं. ग्रॅच्युइटी मिळायला २०२५पर्यंत मुदतीच्या नोकरीतही सलग पाच वर्षं लागत. आता कळलं ना, दर अकरा महिन्यांनी नवा कागद का पुढे येऊ लागला ते?

आपणही काही कमी नाही. मध्यमा परीक्षेच्या पोराला ताना घोटवून घेताना आवाज चढतो आपला, आणि मानधनाचं बोलायची वेळ आली की खाली बघतो. 'सर, तुमचं आमचं घरचं नातं' असं कुणी म्हटलं की न वाचता सही करून मोकळे. घरच्या माणसाकडून बाँड कोण लिहून घेतं?

फी वाढवली तर पालक जातील, असं संचालक म्हणतात. काही जातीलही. पण फी किती आणि त्यातले शिक्षकाच्या हाती किती, हे पालकांना एकदा सांगून बघा. तुम्ही ते सांगत नाही, कारण पालक शिक्षकासाठी येतात, एसीसाठी नाही, हे तुम्हाला पक्कं माहीत आहे.

म्हणून अध्यक्षाच्या खुर्चीतून मी ठराव मांडतो. प्रत्येक शिक्षकाला मराठीत लिहिलेलं नेमणूकपत्र. बारा महिन्यांचं मानधन, महिन्याच्या ठरल्या तारखेला. कार्यक्रमातल्या साथीचे वेगळे पैसे. आणि सोडून गेल्यावर कुठे शिकवायचं, याबद्दल एक अक्षर नाही. ज्या संचालकांना मान्य नसेल त्यांनी चहाच्या वेळेला माझ्या कानात सांगू नये. माईक इथे आहे. या आणि बोला.