प्रमाद की व्याधी?

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त आयोजित व्याख्यानमालेतील भाषण)

 

आरोग्यविषयावर बोलण्याची आज्ञा विश्वस्त मंडळाने केली तेव्हा मी संकोचून गेलो. मी कापडाचा व्यापारी, शिक्षण बी. कॉम. पर्यंत, वैद्यकशास्त्राशी माझा संबंध औषधाच्या बिलापुरता. परंतु अध्यक्षमहोदय म्हणाले, "तुमच्या घरी जे घडले तेच सांगा." सौभाग्यवतीची अनुमती घेऊन ते सांगत आहे. ती समोरच तिसऱ्या रांगेत बसली आहे, तेव्हा अतिशयोक्तीला वाव नाही.

ही हकीकत 2010-11 ची आहे. पहाटे उठून सामायिक करणे हा सौभाग्यवतीचा लग्नापासूनचा नेम. तो हळूहळू मोडू लागला. आठ तास झोपूनही ती थकलेली उठे. प्रतिक्रमणात बसल्या जागी डोळा लागे. वैशाखात आम्ही घामाघूम असताना ती पंखा बंद करायला सांगे. घरखर्चाची वही जिच्या हातात कधी एक रुपयाने चुकली नाही, तिने एका महिन्यात दूधवाल्याला दोनदा पैसे दिले. त्वचा कोरडी पडली, केस गळू लागले, हातातल्या बांगड्या निघेनात. आहार कमी होऊन वजन मात्र वाढत होते. आणि इथे मी एक वाक्य बोललो. "एकासणे करून वजन वाढते कसे?" असे मी सुनेसमोर विचारले. तिने उत्तर दिले नाही.

त्या वर्षीच्या पर्युषणात तिने साध्वीजींकडे आलोचना घेतली. आपल्या हातून धर्मक्रियेत प्रमाद होतो, आळस वाढला आहे, याचे प्रायश्चित्त मागितले. मला हे पुढे कळले. जो दोष तिचा नव्हताच, त्याचे प्रायश्चित्त ती करत होती आणि मी घरात फिर्यादीच्या भूमिकेत होतो.

डॉक्टरांकडे गेलो नव्हतो असे नाही. एकांनी रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या, दुसऱ्यांनी गुडघ्यांचे औषध दिले. तिचे वय तेव्हा 47. या वयात असे होतेच, हे वाक्य आम्ही सर्वांकडून ऐकले आणि स्वतःही म्हटले. खरे निदान सुरू झाले ते एका फोनमुळे. दिवाळीच्या हंगामात इचलकरंजीच्या एका व्यापाऱ्याचा फोन घरी आला. तो तिने उचलला. पलीकडून विचारणा झाली, "मोठे भाऊ बोलताय का?" वीस वर्षे ज्यांनी तिचा आवाज ऐकला होता, त्यांना तो पुरुषाचा वाटला. आवाज घोगरा आणि जड झाला होता. रोज ऐकणाऱ्या आम्हा कोणाच्या ते ध्यानात आले नव्हते.

नंतर ज्या डॉक्टरांकडे गेलो त्यांनी घोट्यामागे लहान हातोडीने हलकेच ठोकून पाहिले. पाऊल हलले, पण जागेवर परत यायला त्याला वेळ लागला. त्यांनी जुना फोटो मागितला. माझ्या पाकिटात पुतण्याच्या लग्नातला चार वर्षांपूर्वीचा फोटो होता. तो तिच्या चेहऱ्याशेजारी धरल्यावर मला जे दिसले, ते मी चार वर्षे रोज पाहत होतो आणि तरी पाहिले नव्हते. रक्ततपासणीत टी.एस.एच. हा आकडा 84 आला. सर्वसाधारणपणे तो चारच्या आसपासपर्यंत असावा, प्रयोगशाळेनुसार थोडा फरक पडतो.

आकडा इतका मोठा, म्हणजे ग्रंथी जोरात काम करत असणार, असा माझा समज झाला. वस्तुस्थिती उलट होती. गळ्याच्या पुढच्या भागात फुलपाखराच्या आकाराची थायरॉइड ग्रंथी असते. तिच्यातून निघणारे थायरॉक्सिन हे संप्रेरक, म्हणजे हार्मोन, शरीरातील जवळजवळ प्रत्येक कामाची गती ठरवते: हृदयाचे ठोके, पचन, शरीराची ऊब, मनाची उभारी. तिच्यावर मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीची देखरेख असते. टी.एस.एच. हा त्या पिट्युटरीचा तगादा आहे. माल वेळेवर येत असेल तर पेढीवरून पत्र जात नाही; माल कमी पडला की पत्रांवर पत्रे जातात. 84 हा तगाद्यांचा आकडा होता, मालाचा नव्हे.

माल का आटला? शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच ग्रंथीला परकी समजून तिची हळूहळू झीज करते. हाकारू हाशिमोतो या जपानी शल्यचिकित्सकाने 1912 साली या विकाराचे प्रथम वर्णन केले, म्हणून त्याला त्यांचे नाव आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये तो कितीतरी अधिक आढळतो. दुसरे कारण आयोडीनची कमतरता. आपल्या देशात 1962 पासून गलगंड नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे आणि 2006 पासून खाण्यासाठी आयोडीनविरहित साध्या मिठाच्या विक्रीवर बंदी आहे. आयंबिलात सैंधव वापरणे वेगळे. पण अलीकडे शुद्ध म्हणून बाराही महिने तेच वापरण्याची जी लाट आली आहे, ती मला पटत नाही. सैंधवात आयोडीन पुरेसे नसते. मात्र एकदा हाशिमोतोचा विकार जडला की जास्त आयोडीन घेऊन तो बरा होत नाही, हेही सांगितले पाहिजे.

औषध लिहून दिल्यावर घरात वेगळाच प्रश्न उभा राहिला. आमच्या मातोश्री तेव्हा हयात होत्या. त्यांनी विचारले, "ही गोळी जनावरापासून तर करत नाहीत ना?" मला तो भाबडा प्रश्न वाटला, शोध घेतल्यावर माझीच मान खाली गेली. 1891 साली इंग्लंडमध्ये डॉ. जॉर्ज मरे यांनी या व्याधीच्या एका स्त्रीला मेंढीच्या ग्रंथीचा अर्क देऊन बरे केले. ती 1919 पर्यंत जगली, आणि तेवढ्या काळात तिच्या औषधासाठी 870 हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या. 1927 साली हॅरिंग्टन आणि बार्जर यांनी थायरॉक्सिन प्रयोगशाळेत तयार केले. आज आपल्याकडे सर्रास मिळणारी लिव्होथायरॉक्सिनची गोळी अशी रासायनिक पद्धतीने बनते. तिच्यातील संप्रेरक प्राण्यापासून घेतलेले नसते. हे समजल्यावर मातोश्रींनी स्वतः सुनेला पहिली गोळी दिली.

आता वेळेचा मुद्दा, कारण आपल्या घरांत अडचण तिथेच येते. ही गोळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची आणि चहा-नाश्ता अर्धा ते एक तासाने. लोह किंवा कॅल्शियमची गोळी चार तासांच्या अंतराने, नाहीतर थायरॉक्सिन नीट शोषले जात नाही. नवकारसी करणाऱ्यांनी पच्चक्खाण पारून गोळी घ्यावी आणि चहा तेवढा पुढे ढकलावा. आमच्या घरी आज इतकी वर्षे असेच चालू आहे. काहींना डॉक्टर रात्री झोपताना घ्यायला सांगतात, चौविहार असणाऱ्यांना ते जमणार नाही, तसे त्यांना स्पष्ट सांगावे. तपश्चर्येत काय करायचे याचा निर्णय देण्याचा मला अधिकार नाही. हिशेब मात्र सांगतो. या औषधाची शरीरातील शिल्लक साधारण सात दिवसांत निम्मी होते. एका उपवासाने फारसे बिघडत नाही. अठाईत आठही दिवस गोळी बंद ठेवली तर शिल्लक निम्म्याखाली येते. म्हणून अठाई किंवा वर्षीतपाचा संकल्प करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, आणि डॉक्टर काय म्हणाले ते गुरुमहाराजांना निवेदन करावे. दोघांपासून लपवून केलेली तपश्चर्या मी पाहिली आहे. तिचा शेवट दवाखान्यात झाला.

गर्भवती भगिनींनी तर गोळी स्वतःच्या मनाने कधीही थांबवू नये. त्या काळात थायरॉक्सिनची गरज वाढते आणि बाळाच्या मेंदूची वाढ त्यावर अवलंबून असते.

उलट बाजूही आहे. ग्रंथी अतिरेकी काम करू लागली तर वजन घटते, हात थरथरतात, छातीत धडधडते, झोप उडते. आपल्या समाजातील एका तरुणाला सगळे "किती तडफदार" म्हणून नावाजत होते. त्याला हाच विकार निघाला.

थकवा आला की थायरॉइडच असेल असेही मानू नये. रक्तक्षय, मधुमेह, मनाचे दुःख, अपुरी झोप, कारणे अनेक आहेत. टी.एस.एच. थोडासा वाढलेला असेल तर प्रत्येकाला गोळी लागतेच असे नाही, विशेषतः वृद्धांना. शेजारणीची गोळी आपल्याला चालते हा समज काढून टाकावा. गरजेपेक्षा जास्त मात्रेने हृदयाची लय बिघडते, हाडे झिजतात. केसांसाठी बायोटिन घेणाऱ्यांनी तपासणीपूर्वी तसे सांगावे, त्याने अहवाल चुकू शकतो.

सौभाग्यवतीला गुण एकदम आला नाही. थोड्या मात्रेपासून सुरुवात, सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा तपासणी, पुन्हा मात्रेत बदल. आधी बद्धकोष्ठ गेले, मग थंडी वाजणे, आवाज पूर्ववत व्हायला कित्येक महिने लागले. 2012 च्या संवत्सरीला मी तिला खमत खामणा केले. दरवर्षी करतोच, घाईघाईने, पुढच्या घरी जायचे असते म्हणून. त्या वर्षी ते एकासण्याचे वाक्य उच्चारून क्षमा मागितली, आणि सुनेलाही बोलावून घेतले, कारण ते तिच्यासमोर बोललो होतो. सौभाग्यवती म्हणाली, "इचलकरंजीवाल्यांना मिठाई पाठवा."

विश्वस्त मंडळाला एक विनंती करून थांबतो. या वर्षीच्या रक्ततपासणी शिबिरात साखरेबरोबर टी.एस.एच.ची सोय करावी. केवळ या तपासणीसाठी उपाशी राहावे लागत नाही, त्यामुळे ती व्याख्यान संपल्यावर स्थानकाच्या आवारातही होऊ शकेल. ज्यांना ऐपत नाही अशा पहिल्या पन्नास भगिनींच्या तपासणीचा खर्च आमच्या पेढीकडून होईल. नावे कार्यालयात द्यावीत. जय जिनेंद्र.